तेल कमी पडतंय? घाण्यावरच्या या चुका टाळा

लाकडी घाणा टाकून चार वर्षं झाली, आणि दिवसाआड कुणाचा तरी फोन असतोच की दादा, दाणे एक नंबर होते तरी तेल कमी का पडलं. बहुतेक वेळा घाण्याचा किंवा मोटरचा काही दोष नसतो, गडबड दाण्यातल्या ओलाव्याची असते आणि ती घाणा चालू व्हायच्या आधीच झालेली असते.

पण आधी हिशोब बघा. शेंगदाण्यात साधारण ४५ ते ५० टक्के तेल असतं. ४८ धरलं तर १५ किलो दाण्यात ७.२ किलो. आता लाकडी घाणा काही सगळं पिळून काढत नाही, पेंडीत १०-१२ टक्के राहतंच, म्हणजे हातात येणार सव्वासहा किलोच्या आसपास. सात किलो धरून धंद्याचं गणित मांडलंत तर पहिल्या महिन्यातच घाट्यात. आणि किलो म्हणजे लीटर नव्हे! लीटरभर तेल ९१० ते ९२० ग्रॅमच भरतं, १५ लीटरच्या डब्यात पावणेचौदा किलोच तेल असतं. गिऱ्हाइकाशी होणारी निम्मी भांडणं इथेच मिटतात.

आता ओलावा. पहिल्या पावसाळ्यात मी दाण्याचं पोतं उघडंच ठेवलं, खाली फळीसुद्धा नाही, भिंतीला टेकवून. दाणे दिसायला टवटवीत होते. घाण्यात टाकले तर नुसता लगदा झाला, लाटेला, म्हणजे घाण्यात फिरणाऱ्या लाकडी दांड्याला चिकटून गोल गोल फिरतोय, पाऊण तासाने तेल आलं तेही गढूळ, आणि १५ किलोला जेमतेम पाच किलो. मग मी घाणा अजून अर्धा तास चालवला, हीच मोठी चूक. घर्षणाने माल तापला, पेंड काळपट पडली, तेलाला करपट वास आला आणि वाढलं किती तर पावशेरसुद्धा नाही. दाणा दाताखाली कट्टकन तुटला पाहिजे, वाकला तर एक-दोन दिवस ऊन द्या. बुरशीचा, काळा पडलेला दाणा मात्र उन्हात घालू नका, सरळ फेकून द्या, त्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं बुरशीचं विष असू शकतं आणि ते उन्हाने जात नाही.

उलटंही होतं. एप्रिल-मे मध्ये दाणे इतके कडक वाळतात की भुगा नुसता फिरत राहतो, ओखळीच्या, म्हणजे दाणे भरायच्या उखळासारख्या खळग्याच्या कडेला थर बसतच नाही. तेव्हा वाटीभर कोमट पाणी थोडं थोडं शिंपडायचं, थर घट्ट झाला की तेल सुटायला लागतं. हे पाहून लोक भेसळ भेसळ करतात, पण घाण्यावर असं पाणी पूर्वीपासून मारतात, तिळाला तर लागतंच. फक्त एकदम ओतू नका, नाहीतर ते तेलात उतरतं आणि कढईत तडतडतं. थंडीत तेल घट्ट होतं म्हणून सकाळचा पहिला घाणा भरण्याआधी दाणे तासभर उन्हात ठेवा, फरक पडतो.

करडईकडून शेंगदाण्याएवढी अपेक्षा धरू नका, टरफलासकट तिच्यात ३० टक्क्यांच्या आसपासच तेल. माती-खडे मात्र चाळून घ्याच, लाकूड खाल्लं जातं.

तेल निघालं की लगेच बाटलीत भरायची घाई नको, स्टीलच्या टाकीत दोन-तीन दिवस गाळ बसू द्या, मग कापडातून गाळा. तांब्या-पितळेत किंवा लोखंडी डब्यात ठेवलं तर लवकर खवट होतं, जवसाचं तर सगळ्यात आधी.

आणि पेंडीतलं उरलेलं तेल काढायला कुणी व्हिडिओ बघून घरी हेक्झेन (तेल विरघळवून काढणारं ज्वालाग्राही रसायन) आणायच्या गोष्टी करत असेल तर प्लीज नका. मोठ्या प्लँटमध्ये त्याने पेंडीत १ टक्क्याच्या आत तेल राहतं हे खरं, पण त्याची वाफ जमिनीलगत पसरते आणि एका ठिणगीत पेट घेते.

तेल कमी पडलं की तेलाकडे नाही, पेंडीकडे बघा. ताजी पेंड कागदात धरून दाबा, कागद ओला झाला तर तेल आतच राहिलंय, कोरडा राहिला तर दाण्यातच तेल कमी होतं. मला दाखवायची असेल तर फोटो काढून पाठवा बाबांनो, परवा एकाने पेंड पिशवीत घालून एसटीने पाठवली, पोचेपर्यंत पिशवीखालचं पार्सल पण तेलकट.