मृगाच्या आत ड्रेनेज बघून घ्या, आणि आधी शेवटचं चेंबर

मागच्या गौरी-गणपतीला घरात अकरा पाहुणे आणि खालचा संडास तुंबलेला, वैऱ्यावर पण अशी वेळ नको. प्लंबरनं तीन तास बाथरूममधनं चोकअप काढायची लवचिक पट्टी ढकलली, नाणीजवळच्या (जमिनीतल्या पाणी जायच्या जाळीजवळच्या) दोन फरश्या फोडल्या, आणि शेवटी निघालं काय तर चोकअप घरात नव्हताच, गेटबाहेर रस्त्याच्या लाईनीत होता. शेवटचं चेंबर उघडलं असतं तर दोन मिनिटात कळलं असतं. पण ते सापडेना, कारण अंगणात पेव्हिंग ब्लॉक मीच बसवून घेतलेले, झाकण खाली गाडून.

तर यंदा मे महिन्यातच करा. बादली, टॉर्च, हातमोजे हे काय सांगायचं. पहार मात्र पाहिजेच, झाकण हातानं उचलायला गेलात तर बोटं चेपतील.

पहिलं काम शेवटचं चेंबर. तुमचं घर आणि रस्ता यांच्या मधलं, गेटजवळचं. घरातलं पाणी तुंबलंय आणि हे चेंबरपण काठोकाठ भरलंय, तर अडलंय पुढं, म्हणजे पालिकेत तक्रार द्यायची, प्लंबरचा खिसा भरायचा नाही. हे रिकामं असलं तर अडलंय तुमच्या हद्दीत, मग एकेक चेंबर उघडत मागं या, भरलेलं आणि रिकामं यांच्या मधल्या पाईपात चोकअप सापडतो. मी काय केलं, उलटं, बाथरूमपासून सुरुवात. शेवटचं चेंबर आधी, लक्षात ठेवा.

तुंबायच्या आधी खुणा दिसतात. एकटं बेसिन सावकाश जातंय तर बेसिनचाच ट्रॅप (खालचा पाणी धरून वास अडवणारा वाकडा पाईप), केस आणि साबण, घाबरू नका. पण वॉशिंग मशीनचं पाणी सुटलं की नाणीत बुडबुडे येतात, वरच्या मजल्यावर फ्लश केला की खालच्या संडासात गुडगुड होतं, तर ती मेन लाईन, आणि पहिला फटका सगळ्यात खालच्या नाणीला. नुसता वास येत असेल तर बंद खोलीतलं बाथरूम बघा, ट्रॅपमधलं पाणी वाळलेलं असतं, बादलीभर ओतलं की संपलं. दर दोन-चार महिन्यांनी तिथंच तुंबतंय आणि घर जुनं, खाली खापरी पाईप, तर सांध्यातनं झाडाची मुळं शिरली असणार, पट्टीनं तात्पुरतं निघतं, तेवढा तुकडा बदलावाच लागतो. बदलताना चार इंची पाईपाला ४० फुटाला १ फूट तरी उतार आहे का ते स्वतः उभं राहून बघा, गवंडी अंदाजानं टाकतात.

तुंबलेलं असताना घरात सगळ्यांना नळ बंद ठेवायला सांगा, आमच्याकडं वर कुणीतरी निवांत आंघोळ करत होतं. ॲसिड ओतलं असेल तर प्लंबरला आधी सांगा, आणि ॲसिडवर ब्लीचिंग कधीच नको, क्लोरीन वायू तयार होतो, जीव गुदमरतो. चेंबरमधे किंवा सेप्टिक टँकमधे माणूस उतरवायचा नाही म्हणजे नाही, "दोन मिनिटाचं काम आहे" म्हणाला तरी. आतल्या वायूनं माणूस तिथंच पडतो, वर यायला वेळ मिळत नाही, अशा धोकादायक सफाईला २०१३ च्या कायद्यानं बंदी पण आहे. जोराच्या पाण्यानं लाईन मोकळी करणारी जेटिंगची गाडी बोलवा.

सांगलीत नदीकडच्या सखल भागात असाल तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा, तो पाणी बाहेर जाऊ देतो, उलटं आत येऊ देत नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला ४० फूट इशारा पातळी आणि ४५ धोका पातळी, पण पाणी दारात यायच्या आधी संडासातनं उलटं येऊ शकतं, २०१९ आणि २०२१ बघितलेल्यांना जास्त सांगायला नको. पुराच्या पाण्यानं व्हॉल्व्ह मिटला की तुमचं पाणीपण बाहेर जात नाही, वापर बंद ठेवायचा.

बाकी जाळ्या, झुरळं वगैरे तुमचं तुम्ही बघा. शेवटच्या चेंबरवरचे ब्लॉक काढून झाकण वर घ्या, भिंतीवर समोर लाल पेंटनं बाण मारा, आणि त्यावर तुळशीची कुंडी ठेवू नका, आमच्या आईनं परवाच ठेवलीय.