बेडसाइड इकोची भाषा एकसारखी कशी करावी

खाटेजवळ केलेल्या इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, नोंदींत एकाच रुग्णाच्या फाइलमध्ये सकाळी 'एलव्ही (हृदयाचा डावा खालचा कप्पा) फेअर', दुपारी 'ईएफ (दर ठोक्याला एलव्हीतून बाहेर पडणाऱ्या रक्ताची टक्केवारी) ४०च्या आसपास' आणि रात्री 'कॉन्ट्रॅक्टिलिटी (आकुंचनाची ताकद) कमी' असं लिहिलेलं असेल, तर हृदयाचं काम बिघडलं की फक्त लिहिणारा बदलला, हे कळायला मार्ग नाही. यावर उपाय म्हणून विभागाची एक पानाची शब्दयादी करावी. सुरुवात मात्र जुन्या नोंदींपासून. चाळीस-पन्नास नोंदी काढा आणि एकाच गोष्टीला किती नावं दिली आहेत ते मांडा. ही मांडणी समोर आली की बैठकीतला निम्मा वाद मिटतो.

पहिलं ठरवायचं ते तपासणीचं नाव. ठरावीक प्रश्नांची उत्तरं शोधण्यासाठी खाटेजवळ केलेली तपासणी म्हणजे 'कार्डियाक पोकस' (पॉइंट ऑफ केअर अल्ट्रासाउंड). तिला 'लिमिटेड इको' म्हणू नका. ते नाव इको लॅबमध्ये, पूर्ण क्षमतेच्या मशीनवर केलेल्या मोजक्या तपासणीचं आहे. अमेरिकन सोसायटी ऑफ इकोकार्डिओग्राफीच्या २०२०च्या शिफारशींतही कार्डियाक पोकस आणि क्रिटिकल केअर इको यांचा वेगवेगळा उल्लेख आहे. नुसतं 'इको झाला' असं लिहिलं, तर पुढचा डॉक्टर झडपाही तपासल्या असं धरून चालतो.

व्ह्यू, म्हणजे हृदय बघण्याच्या ठरावीक दिशा, पाच: पॅरास्टर्नल (छातीच्या मधल्या हाडाशेजारून) लाँग ॲक्सिस (लांबीचा छेद), पॅरास्टर्नल शॉर्ट ॲक्सिस (आडवा छेद), एपिकल (हृदयाच्या टोकाकडून) फोर चेंबर (चारही कप्पे), सबकॉस्टल (फासळ्यांखालून) फोर चेंबर आणि सबकॉस्टल आयव्हीसी (शरीराच्या खालच्या भागातलं रक्त हृदयात आणणारी मोठी शीर). शॉर्ट ॲक्सिसपुढे पातळी लिहायचीच: मायट्रल झडप, पॅपिलरी स्नायू की एपेक्स (टोक). खरी गडबड मार्करची, म्हणजे दिशा दाखवणाऱ्या खुणेची, असते. मशीनच्या कार्डियाक प्रीसेटमध्ये (आधीच ठरवलेल्या मांडणीत) स्क्रीनवरचा मार्कर उजवीकडे असतो, ॲबडॉमिनलमध्ये डावीकडे. प्रोब (छातीवर टेकवायचं साधन) तसाच धरून प्रीसेट बदलला की चित्र आरशातल्यासारखं उलटतं आणि एपिकल व्ह्यूमध्ये धडधाकट एलव्ही 'फुगलेला आरव्ही' (उजवा खालचा कप्पा) ठरू शकतो. म्हणून यादीत एकच पद्धत लिहा आणि जेल लावण्याआधी मार्कर बघायची सवय लावा.

प्रोबच्या हालचालींचे शब्दही शिकवताना घोळ घालतात. टिल्ट केल्यावर बीमचं (ध्वनिलहरींच्या झोताचं) प्रतल झुकतं आणि नवा छेद दिसतो. रॉक केल्यावर प्रतल तेच राहतं, चित्र फक्त स्क्रीनवर बाजूला सरकतं. शिकवणारा 'जरा अँगल दे' म्हणाला, तर यातलं नेमकं काय करायचं?

आता निष्कर्ष. एलव्हीसाठी चार शब्द पुरे: हायपरडायनॅमिक (नेहमीपेक्षा जोरात), नॉर्मल, कमी, फारच कमी. 'फारच कमी' म्हणजे ईएफ ३० टक्क्यांखाली, असं यादीतच लिहून ठेवा. डोळ्यांनी पाहून आकडा मात्र लिहू नये. आज अंदाजाने लिहिलेला ३५ उद्या लॅबमध्ये मोजलेल्या ४५शी ताडला जातो आणि कुणीतरी 'सुधारणा' अशी नोंद करतो. 'फेअर', 'ॲडिक्वेट', 'ग्रॉसली नॉर्मल' हे शब्द यादीतून बादच करा.

पेरिकार्डियल इफ्युजनची (हृदयाभोवतीच्या आवरणात साचलेल्या पाण्याची) जाडी डायस्टोलच्या (हृदय सैल होऊन भरण्याच्या टप्प्याच्या; आकुंचनाचा तो सिस्टोल) शेवटी मोजा: १० मिलिमीटरपेक्षा कमी म्हणजे थोडं, १० ते २० मध्यम, २०च्या वर जास्त. पॅरास्टर्नल लाँग ॲक्सिसमध्ये उतरती महाधमनी बघा. हृदय आणि धमनी यांच्या मधे शिरणारं पाणी पेरिकार्डियल, धमनीच्या मागे राहणारं प्लुरल (फुप्फुसाभोवतीचं). 'टॅम्पोनाड' (पाण्याच्या दाबामुळे हृदय नीट न भरणं) हा शब्द निष्कर्षाच्या रकान्यात नको. तिथे 'आरए (उजवा वरचा कप्पा) सिस्टोलमध्ये दबतो' किंवा 'आरव्ही डायस्टोलमध्ये दबतो' एवढंच. निदान रक्तदाब आणि नाडी पाहून वेगळ्या ओळीत करायचं.

हाच नियम 'आरव्ही स्ट्रेन'ला (आरव्हीवरचा ताण). एपिकल फोर चेंबरमध्ये डायस्टोलच्या शेवटी आरव्ही एलव्हीपेक्षा लहान, बरोबरीचा की मोठा, एवढंच नोंदवा. व्ह्यू तिरका असेल तर तुलना करूच नका.

आयव्हीसी 'भरलेली' किंवा 'रिकामी' असं लिहून भागत नाही. व्यास, आरएच्या तोंडापासून १ ते २ सेंटिमीटरवर घेतलेला, आणि रुग्ण स्वतः श्वास घेतोय की व्हेंटिलेटरवर आहे, हे सगळं हवं. २.१ सेंटिमीटर आणि ५० टक्के आकुंचन ही सीमा स्वतः श्वास घेणाऱ्यांसाठी आहे. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला ती जशीच्या तशी लावता येत नाही. दिसते ती आयव्हीसीच आहे का, हेही पाहा: ती आरएमध्ये उघडताना आणि यकृताची शीर तिला मिळताना दिसली पाहिजे. नाहीतर महाधमनीच मोजली जाते.

सगळ्यात जास्त नुकसान करणारा शब्द म्हणजे 'दिसलं नाही'. इफ्युजन नव्हतं, की खिडकीच (हृदय दिसेल अशी जागा) मिळाली नाही? म्हणून फॉर्मच्या प्रत्येक ओळीला तीनच पर्याय द्या: 'आहे', 'नाही', 'ठरवता येत नाही'. रिकामी चौकट सेव्हच होऊ देऊ नका, कारण वाचणारा तिचा अर्थ 'नाही' असाच घेतो. लठ्ठ किंवा फुप्फुसं फुगलेल्या रुग्णात तिसरा पर्याय वारंवार येईल, येऊ द्या. तो पर्याय कुणी कधीच वापरत नसेल तर शंका घ्यावी.

यादी लागू करण्याआधी वीस क्लिप निवडा, त्यात पाच-सहा खराबही असू द्या. दोघांनी एकमेकांना न विचारता वाचाव्यात. जिथे शब्द जुळणार नाहीत, तिथे आधी व्याख्या तपासा. दोष बहुधा तिथेच सापडतो. मग फॉर्ममध्ये ड्रॉपडाउन करा आणि यादीवर आवृत्तीची तारीख टाका. जुन्या नोंदी दुरुस्त करायला जाऊ नका. जुना शब्द आणि त्याचा नवा पर्याय यांचा तक्ता मशीनला चिकटवला की काम भागतं. 'फेअर'पुढे मात्र नवा शब्द लिहू नका. त्या नोंदीची क्लिप असेल तर ती पुन्हा पाहावी, नसेल तर तपासणी पुन्हा करावी.