मशिदीचं अंगण बांधताय? आधी हौदाचं माप ठरवा

मुंब्रा, पनवेल, मिरा रोड अशा ठिकाणी मशिदीचं काम निघालं की कमिटीत सगळी चर्चा घुमट आणि मिनारावर, आणि अंगण (सहन म्हणतात ते) म्हणजे नकाशात उरलेली जागा. पण नंतर कुरबुरी होतात त्या नेमक्या अंगणातच. कारण तिथे कोकणी, यूपी-बिहारवाले, मल्याळी दुकानदार, एखादा सुदानी स्टुडंट सगळे एकाच नळावर येतात आणि प्रत्येकाला वाटतं आपल्या गावची पद्धत तीच खरी.

तर पेन्सिल हातात घ्यायच्या आधी एक जुम्मा आणि एक असर (दुपारनंतरची नमाज) नुसतं कोपऱ्यात उभं राहून बघा. कोकणी आणि मल्याळी बहुतेक शाफई, उत्तरेकडचे बहुतेक हनफी (सुन्नींचे हे दोन फिकही पंथ, नमाजचे बारीक नियम वेगळे), आणि हा फरक थेट बांधकामात येतो. मी एकच हिशोब धरतो, दोघांत ज्याचा नियम जास्त कडक त्याच्या मापाने बांधायचं, म्हणजे दुसरा आपोआप खूश.

वुजूच्या, म्हणजे नमाजआधी हात-तोंड-पाय धुण्याच्या, हौदाचंच बघा. साचलेलं पाणी सहज नापाक होऊ नये म्हणून ते किती हवं, यावर दोघांचा हिशोब वेगळा. शाफईंना दोन कुल्ले (जुनं माप) पाणी, म्हणजे साधारण दोनशे लिटर, पुरतं. हनफींकडे साचलेल्या पाण्याला दह-दर-दह लागतं, दहा हात बाय दहा हात, आपल्या हिशोबाने 15 बाय 15 फूट, आणि खोली इतकी की ओंजळ भरताना तळ उघडा पडू नये. मग 225 स्क्वेअर फुटाचा हौद करा की, वाद संपला. जागा नसेल तर सरळ नळ लावा, पण बारीक धारेचे, हदीसमधे वुजूला एक मुद्द (ओंजळीचं जुनं माप) पाणी सांगितलंय, म्हणजे लिटरभरसुद्धा नाही, आणि आपल्याकडे नळ सोडून लोक बाही दुमडत बसतात! मुंबईच्या जामा मशिदीत (1802 मधे पूर्ण झाली) जुन्या तलावावरच मशीद उभी केलीय, हौदात मासे फिरतात, एकदा जाऊन बघाच.

जनाजाचंही तेच. शाफई मशिदीत जनाजाची (मयताची) नमाज पढतात, हनफी आत पढणं टाळतात, म्हणून गेटजवळ मशिदीच्या हद्दीबाहेर एक मोकळा पट्टा ठेवा. हद्द कुठे संपते ते मौलानांना साइटवर उभं करून विचारा आणि चुन्याने आखून घ्या, नंतर एतिकाफला (मशिदीची हद्द न सोडता इबादतीला) बसलेला माणूस विचारतो वजूखाना, म्हणजे वुजूची जागा, आत धरायचा का बाहेर, तेव्हा कमिटीवाले एकमेकांची तोंडं बघतात.

शाफई आणि हनफींच्या असरच्या वेळांत तासाभराचा फरक असतो, हनफींची उशिरा. हनफी वेळेला जमात (एकत्र नमाज) असली तर शाफईंचीही होते, पण लवकर आलेली म्हातारी मंडळी मधे बसणार कुठे? भिंतीला टेकून दीड फूट उंच कट्टा करा, सावलीत.

फरशीत मात्र लोक सगळ्यात जास्त चुकतात. एका माणसाला दोन फूट रुंदी आणि सफेला (नमाजच्या रांगेला) चार फूट धरा. मुंबईतून किबला (मक्केची, नमाजला तोंड करायची दिशा) बरोबर पश्चिमेला नाही, कंपासवर 280 डिग्रीच्या आसपास येतो, म्हणजे दहा डिग्री उत्तरेकडे झुकलेला, आणि माणूस उभा राहतो पायाखालची सांध बघून. आमच्या एका साइटवर मिस्त्रीने फरशी कंपाउंडच्या भिंतीला समांतर टाकली, पहिल्याच जुम्म्याला अर्धी सफ इकडे तोंड करून आणि अर्धी तिकडे, शेवटी सगळी उखडली. पॉलिश केलेली घेऊ नका, ओल्या पायाने पावसाळ्यात शेवाळावर घसरतात. खरबरीत आणि फिकट रंगाची घ्या, एप्रिलमधे दुपारी जोहरला अनवाणी चालून बघितलं की कळतं का ते. मक्केत थासोसचा पांढरा संगमरवर टाकलाय तो उगीच नाही, उन्हातही गार राहतो, पण ते बजेट आपलं नाही.

कोकणात वरून पत्रा टाकायचाच असेल तर खाली काहीतरी जाड लावा, नाहीतर जुलैत पत्र्यावर असा ताशा वाजतो की इमामाची तकबीर मागच्या सफेला ऐकूच येत नाही आणि लोक शेजाऱ्याकडे बघून रुकूत जातात, म्हणजे वाकतात.

बायकांचं कमिटीत सहसा कोणी काढत नाही, तुम्ही काढा. यूपीकडच्या घरांत मशिदीत यायची सवय कमी, पण अरब, आफ्रिकन बायका सवयीने येतात. वेगळं दार, वेगळा वजूखाना, आणि चपलांचा रॅक आतल्या बाजूला. ज्यांना यायचं नाही त्यांचं काही बिघडत नाही.

आणि रमजानसाठी एक सिंक वेगळं ठेवा, भजी, मल्याळ्यांची कांजी, खजुराच्या बिया सगळं एकाच नळाखाली धुतलं जातं आणि तेलाचा तवंग मगरिबच्या (सूर्यास्ताच्या नमाजच्या) आधीच हौदावर आलेला असतो.