पॅसिव्ह सॅम्पलरचा आकडा नोटिशीत टिकायला हवा असेल, तर या चुका टाळा

पॅसिव्ह सॅम्पलर, म्हणजे पाण्यातली प्रदूषकं आपोआप शोषून घेणारं साधन, नदीत टांगायला अर्धा तास पुरतो. त्यामुळेच बहुधा टांगणाऱ्याला वाटतं की कामही अर्ध्या तासाचंच आहे. बाटलीत एका क्षणाचं पाणी येतं. हा मात्र दोन-चार आठवडे पाण्यात बसून प्रदूषकं शोषत राहतो, त्यामुळे मध्यरात्री गुपचूप सोडलेलं सांडपाणीही त्याच्या तावडीत सापडतं. पण लॅबमधून आकडा येतो तो सॅम्पलरवर किती नॅनोग्रॅम साठले याचा. पाण्यात किती होते हे आपण हिशेबाने काढतो, आणि प्रदूषणाबद्दल कारखान्याला नोटीस दिली की त्याचा वकील बोट ठेवतो ते नेमकं त्या हिशेबावर.

माझं सगळ्यात जास्त रक्त आटवलंय ते फील्ड ब्लँकने, म्हणजे नदीत न बुडवता फक्त हवेतली भेसळ मोजणाऱ्या कोऱ्या पट्टीने. सॅम्पलर म्हणून वापरतात ती सिलिकॉनची पट्टी पाण्यातून जे ओढते ते हवेतूनही ओढते, आणि हवेत तर झपाट्याने. म्हणून एक जादा पट्टी प्रत्येक ठिकाणी न्यायची, सॅम्पलर जितकी मिनिटं हवेत उघडा असेल तितकी मिनिटं तीही उघडी ठेवायची, लावताना आणि काढतानाही. एवढंच.

एकदा आम्ही सहा ठिकाणी सहा आठवडे पट्ट्या लावल्या होत्या. काढायच्या दिवशी मी नव्हतो. नव्या सहकाऱ्याने प्रवाहात नाव स्थिर राहावी म्हणून डिझेल इंजिन चालूच ठेवलं, धुरात बसून पट्ट्या पुसल्या आणि डब्यांत भरल्या. ब्लँकचा डबा मात्र ‘उगाच खराब नको’ म्हणून बंदच! निकाल आला तेव्हा सहाही ठिकाणी फेनँथ्रीन (डिझेलच्या धुरातही असणारं प्रदूषक) चढलेलं, कारखान्याच्या वरच्या अंगाला, प्रवाहाच्या उलट बाजूलासुद्धा. ब्लँक लख्ख. त्या लख्खपणाचा उपयोग शून्य, कारण धुरातलं किती आणि नदीतलं किती हे आता कुणीच सांगू शकत नव्हतं. लावताना अशी चूक झाली असती तर हलक्या संयुगांचा बराचसा भाग पाण्यात परत गेला असता. काढताना चिकटलेलं मात्र थेट लॅबमध्ये जातं. सहा आठवडे पाण्यात गेले, शब्दशः.

तेव्हापासून नांगर टाकून इंजिन बंद केल्याशिवाय मी डब्याला हात लावू देत नाही. उघडण्याची आणि बंद करण्याची वेळ घड्याळ बघून तिथल्या तिथे लिहायची. ‘परत गेल्यावर लिहू’ म्हणणाऱ्याला मी पुढच्या फेरीला नेत नाही.

दुसरी आवडती चूक म्हणजे पुस्तकातला सॅम्पलिंग रेट, म्हणजे सॅम्पलर दिवसाला किती लिटर पाण्यातलं प्रदूषक शोषतो तो आकडा, उचलून भागाकार करणं. समजा पोसिस (दोन पडद्यांमध्ये शोषक पावडर भरलेला सॅम्पलर) १४ दिवस ठेवला, त्यावर ५६ नॅनोग्रॅम कीटकनाशक मिळालं आणि रेट धरला दिवसाला ०.२ लिटर. म्हणजे २.८ लिटर पाणी, लिटरला २० नॅनोग्रॅम. पण प्रवाह संथ असल्याने किंवा पडद्यावर शेवाळ चढल्याने खरा रेट ०.१ असेल, तर उत्तर ४०. मर्यादा ३० असेल तर एका हिशेबात कारखाना सुटतो, दुसऱ्यात अडकतो. सिलिकॉनमध्ये यावर उपाय आहे: पट्टीत आधीच भरलेली, नदीत न सापडणारी संयुगं, म्हणजे पीआरसी. ती किती उरली यावरून त्याच जागचा, त्याच प्रवाहातला वेग काढता येतो. हे वगळून वेळ वाचवणारे मला भेटतात; त्यांनी सरळ बाटली वापरावी. पोसिसमध्ये पीआरसी भरवशाचे चालत नाहीत, म्हणून तिथे मी एक आकडा देतच नाही, ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असा पट्टा देतो, आणि मर्यादा त्या पट्ट्यात येत असेल तर सोबत बाटलीचे नमुने घेतो. आणखी एक: संयुग समतोलाला पोचलं असेल, म्हणजे सॅम्पलरमध्ये जितकं शिरतं तितकंच बाहेर पडत असेल, तर दिवसांनी भागू नका. पुढचे दिवस त्याने नवं काही जमवलेलंच नसतं.

तुलना कशाशी करता तेही बघा. युरोपीय संघात धातूंची मर्यादा विरघळलेल्या भागाला लागते, बहुतेक सेंद्रिय प्रदूषकांची अख्ख्या पाण्याला, गाळासकट. सॅम्पलर मोजतो तो फक्त मोकळा विरघळलेला अंश. डीजीटी, म्हणजे जेलच्या थरातून धातू पकडणारा सॅम्पलर, तर धातूचा सहज सुटणारा भागच पकडतो. त्यामुळे सॅम्पलरचा आकडा हिशेबातली अनिश्चितता धरूनही मर्यादेच्या वर असेल तर त्या काळात पाण्यातलं प्रमाण मर्यादेच्या वर होतंच. खाली असेल तर ‘पाणी शुद्ध’ असं लिहू नका. कमाल मर्यादेचंही, म्हणजे कुठल्याही क्षणी ओलांडायची नसते तिचंही, तसंच: पंधरवड्याच्या सरासरीत एका रात्रीचा उसळता आकडा बुडून जातो. पाण्यातल्या प्रदूषकांबद्दलच्या २०१३ च्या युरोपीय निर्देशिकेने या पद्धतीला आश्वासक म्हटलं आणि तिचा विकास चालू ठेवावा असं सांगितलं. आश्वासक म्हणजे मान्य, असा अर्थ काढणारे अहवाल मी वाचलेत.

बाकी किरकोळ. डीजीटी सुकू देऊ नका, गोठवूही नका, जेल कामातून जातं. तापमान नोंदवणारा लॉगर सॅम्पलरच्या पिंजऱ्यातच बांधा; विसरणावर, म्हणजे रेणू आपोआप पसरण्यावर (डिफ्यूजनवर), चालणारा सगळा हिशेब तापमानावर हलतो. पिंजरा तळाच्या चिखलात टेकू देऊ नका. ओहोटी किंवा धरणाच्या विसर्गाचं वेळापत्रक आधी बघा, नाहीतर सॅम्पलर दिवसभर हवेत लोंबकळत राहील. आणि जादा संच लावा, थोडा लांब, पाण्याखाली, बोयाशिवाय. चकचकीत बोया दिसला की कुणीतरी तो ओढून बघतोच.