इटालियन शेफ निवडताना: शिकावे कोणाकडून, मानावे कोणाला

पुण्यात घरच्या घरी इटालियन स्वयंपाकाचे वर्ग घेत असताना गेल्या अठरा वर्षांत मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न पाककृतीचा नसून माणसाचा आहे: "ताई, आम्ही नेमके कोणाचे बघून शिकावे?" याला सर्वत्र मिळणारे उत्तर ठरलेले असते. मिशलिन या उपाहारगृहांच्या मार्गदर्शिकेचे तारे मोजा, जागतिक क्रमवारी पाहा, दूरचित्रवाणीवर ज्याचा बोलबाला आहे त्याला गुरू माना. हे उत्तर चुकीचे आहे असे माझे ठाम मत आहे, कारण ते प्रमाण मानून मी स्वतः दोन वर्षे वाया घालवली. पुढे जो क्रम देत आहे तो त्यानंतर सावकाश बसलेला आहे आणि अनेक विद्यार्थ्यांबरोबर तो पुन्हा पुन्हा तपासलेला आहे. आपल्याकडे एक जाड बुडाचे पातेले, एक वही आणि आठवड्यातून दोन मोकळ्या संध्याकाळी आहेत, एवढे गृहीत धरते.

पहिली पायरी: दोन रकाने आखा

वहीच्या पानावर दोन रकाने करा. एकात "ज्यांच्याकडून शिकायचे" ते आणि दुसऱ्यात "ज्यांना मानायचे" ते. एकच नाव दोन्ही रकान्यांत येऊ शकते, पण सुरुवातीला ते सहसा येत नाही, आणि या दोहोंची गल्लत झाली की नवशिक्याची उमेद खचते.

उत्तर इटलीतील मोदेना शहराचे शेफ मास्सिमो बोत्तुरा यांचेच उदाहरण घ्या. 1995 साली त्यांनी तेथे 'ओस्तेरिया फ्रान्चेस्काना' सुरू केले, आणि जगातील पन्नास सर्वोत्तम उपाहारगृहांच्या यादीत ते 2016 आणि 2018 अशा दोन वर्षी पहिले आले. पार्मिजानो रेज्जानो या एकाच चीजच्या पाच वेगवेगळ्या वयांना पाच पोत आणि वेगवेगळी तापमाने देऊन केलेला त्यांचा पदार्थ विख्यात आहे. मी हाच पदार्थ घरी करायला घेतला होता, तेव्हा मला साधा रिसोत्तो, म्हणजे रसात शिजवलेला इटालियन भात, तोही धड येत नव्हता. दोन वयांचे चीज कसेबसे मिळाले, फेस ताटात येईपर्यंत बसला, आणि हाती काहीही लागले नाही. तरीही बोत्तुरा माझ्या दुसऱ्या रकान्यात सर्वांत वर आहेत. मे 2012 मध्ये मोदेनाच्या एमिलिया प्रांतात भूकंप झाला आणि पिकवायला ठेवलेली पार्मिजानोची चाके मांडण्यांसकट कोसळली. तेव्हा ते फुटलेले चीज लोकांनी विकत घेऊन संपवावे म्हणून त्यांनी 'काचो ए पेपे' या रोमच्या चीज-मिरीच्या पास्त्याचा आधार घेत, पास्त्याऐवजी तांदूळ आणि पेकोरीनो या मेंढीच्या दुधाच्या चीजऐवजी पार्मिजानो वापरून एक रिसोत्तो रचला. तो घराघरांत शिजला. 2015 च्या मिलान जागतिक प्रदर्शनाच्या वेळी त्यांनी एका जुन्या नाट्यगृहात प्रदर्शनातील उरलेल्या अन्नातून गरजूंसाठी भोजनालय चालवले आणि देशोदेशीच्या शेफना तेथे रांधायला बोलावले. या माणसाला मानावे. फोडणीपासून शिकायला मात्र दुसरे कोणी शोधावे.

दुसरी पायरी: देश नव्हे, प्रांत निवडा

"इटालियन शेफ" हा शब्दप्रयोग सोयीचा असला तरी निवड करताना निरुपयोगी आहे. इटली एक राष्ट्र म्हणून 1861 मध्ये उभे राहिले. पेल्लेग्रीनो आर्तूझी या फिरेंझेत (फ्लोरेन्समध्ये) स्थायिक झालेल्या व्यापाऱ्याने प्रांतोप्रांतीच्या पाककृती एकत्र करणारे आपले प्रसिद्ध पुस्तक स्वखर्चाने छापले ते 1891 मध्ये, आणि त्यानंतरही स्वयंपाक प्रांतांचाच राहिला. उत्तरेत पो नदीच्या खोऱ्यात लोणी, तांदूळ, मक्याचा पोलेंता आणि अंड्यांत मळलेला पास्ता चालतो, तर दक्षिणेत ऑलिव्ह तेल आणि कठीण गव्हाच्या रव्याचा, बिनअंड्याचा पास्ता. त्यामुळे आधी आपला डबा उघडून पाहा आणि मग शेफचा प्रांत ठरवा. आपल्याकडचा बन्सी गहू त्याच कठीण जातीचा आहे, आणि खपली म्हणजे इटलीत ज्याला 'फार्रो' म्हणतात तोच गहू, हे माझ्या वर्गात अनेकांना प्रथमच कळते. या दोन गव्हांमुळे दक्षिण आणि मध्य इटलीतील शेफ आपल्याला बरेच जवळचे ठरतात. कटाक्षाने शाकाहारी असणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: पार्मिजानो रेज्जानो वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेटनेच विरजले जाते, तसा नियमच आहे. ज्यांना ते चालत नाही त्यांनी एमिलियाचा शेफ निवडून पानोपानी अडखळू नये.

तिसरी पायरी: घराणे विचारा

आपण गायकाचे नाव ऐकले की तालीम कोणाकडे झाली असे विचारतो. शेफच्या बाबतीतही तेच विचारावे. मिलानचे ग्वाल्तिएरो मार्केझी (1930–2017) हे 1985 मध्ये तीन मिशलिन तारे मिळवणारे इटलीतील पहिले शेफ. केशरी रिसोत्तोवर सोन्याचा वर्ख ठेवणारे हेच, आणि 2008 मध्ये त्या गुणांकनाकडे पाठ फिरवणारेही हेच. कार्लो क्राक्को, दाविदे ओल्दानी आणि एन्रिको क्रिप्पा हे तिघेही त्यांच्या हाताखाली तयार झाले. बोत्तुरा यांनी मोनाकोत फ्रेंच शेफ अलँ द्युकास यांच्याकडे उमेदवारी केली हे खरे. त्याआधी मात्र मोदेनाजवळच्या त्यांच्या पहिल्या खानावळीत लिदिया क्रिस्तोनी या वयाने मोठ्या बाईंनी त्यांना हाताने पास्ता लाटायला शिकवले. अशा कर्त्या स्वयंपाकीण गृहिणीला त्या भागात 'रेझ्दोरा' म्हणतात. मान्तोवा परिसरातील 'दाल पेस्कातोरे'च्या नादिया सांतीनी सासरच्या स्वयंपाकघरात, सासू आणि आजेसासूंच्या हाताखाली शिकल्या, आणि 1996 मध्ये तीन तारे मिळवणाऱ्या पहिल्या इटालियन महिला शेफ ठरल्या. लाल भोपळा, आमारेत्ती बिस्किटे आणि फळांचे मोहरीयुक्त लोणचे भरलेले तिकडचे तोर्तेल्ली त्या रांधतात. घारग्यांवर वाढलेल्या माणसाला भोपळ्याचा तो गोडवा समजावून सांगावा लागत नाही. याउलट आब्रुत्सोचे निको रोमितो जवळजवळ स्वयंशिक्षित आहेत, आणि कांद्यासारख्या एकाच भाजीतून ते जे काढतात ते पाहण्यासारखे आहे. घराणे नसणे हा दोष नाही, पण ते आहे की नाही हे आपल्याला माहीत असले पाहिजे.

या तीन पायऱ्यांनंतर यादी तीन नावांवर आणा. त्याला एका संध्याकाळहून जास्त वेळ देऊ नका.

चौथी पायरी: एकच पदार्थ, तीन वेळा, अक्षरही न बदलता

खरी अडचण इथे आहे. माझी दोन वर्षे इथेच गेली, आणि माझे बहुतेक विद्यार्थीही इथेच घसरतात. म्हणून हे सविस्तर सांगते.

तिन्ही नावांपैकी प्रत्येकाचा एक साधा, कमी जिन्नसांचा पदार्थ घ्या आणि तो तीन वेगवेगळ्या दिवशी, लिहिला आहे तसाच करा. ऐकायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात आपले हात ऐकत नाहीत. मी इटालियन पाककृतींच्या लेखिका मार्चेल्ला हझान यांचा टोमॅटो सॉस पहिल्यांदा केला तेव्हा त्यात लसूण घातला, कांदा बारीक चिरला, आणि शेवटी थोडे तिखटही टाकले. घरच्यांना तो फार आवडला. तो आमच्या घरचा सॉस होता, हझान यांचा नव्हता, आणि त्यांच्याविषयी मला त्यातून काडीचेही कळले नाही. मग मी "त्यांचा सॉस जमतो" असे समजून पुढच्या शेफकडे वळले. असे एकामागून एक सहा-सात शेफ झाले. प्रत्येकाच्या पदार्थात मी माझेच तिखट घालत होते आणि सगळ्यांकडून शिकत असल्याचे समाधान मानत होते.

त्यांचा मूळ सॉस असा आहे: सुमारे 900 ग्रॅम पिकलेले ताजे टोमॅटो सोलून, किंवा त्याऐवजी डब्यातले सोललेले टोमॅटो रसासकट, पाच मोठे चमचे लोणी, सोलून दोन अर्धे केलेला एक मध्यम कांदा, आणि मीठ. लसूण नाही, तुळस नाही, मिरी नाही. झाकण न ठेवता, संथ पण अखंड रटरटत सुमारे 45 मिनिटे, आणि शेवटी कांदा काढून टाकायचा. कधी झाले हे ओळखायची त्यांची खूण मिनिटांची नाही: टोमॅटोपासून स्निग्धांश वेगळा होऊन वर तरंगू लागला की सॉस झाला. तिसऱ्या खेपेला, काहीही न बदलता, मी पातेल्याशी उभी राहिले. चाळीस मिनिटांच्या सुमारास कडेने नारिंगी तवंग सुटला आणि माझ्या एकदम लक्षात आले की माझी आई मसाला परतताना "तेल सुटू दे" म्हणते ती हीच खूण आहे. पाणी आटले, आंबटपणा मऊ झाला, आता थांबायला हरकत नाही, असे पातेले सांगत असते. लसणाच्या वासात आणि तिखटाच्या रंगात हे मला दोनदा दिसलेच नव्हते.

हझान या इथे उदाहरण म्हणून योगायोगाने आलेल्या नाहीत. 1924 मध्ये एमिलिया-रोमान्यातील चेझेनातिको या गावी त्यांचा जन्म झाला, विज्ञानात त्यांनी डॉक्टरेट मिळवली, आणि 1955 मध्ये लग्न होऊन न्यूयॉर्कला जाईपर्यंत त्यांनी स्वयंपाक केलाच नव्हता. परक्या बाजारात, आठवणीतल्या चवीच्या मागे लागून त्या शिकल्या, आणि त्यांचे पहिले पुस्तक 1973 मध्ये आले. उपाहारगृहाच्या अर्थाने त्या शेफ नव्हत्याच. मला त्याने काही फरक पडत नाही, आणि तुम्हालाही पडू नये. घरापासून दूर, दुसऱ्याच जिन्नसांवर तीच चव उभी करताना काय काय अडते हे ज्याने स्वतः सोसले आहे, तो मार्गदर्शक पुण्यात किंवा न्यू जर्सीत बसलेल्या मराठी माणसाच्या जास्त कामाचा.

तीन वेळा का, हेही सांगते. पहिल्या खेपेला तुमचे लक्ष पुस्तकात असते. दुसऱ्या खेपेला ते पातेल्यात येते. तिसऱ्या खेपेला पुस्तक मिटलेले असते आणि शेफने अमुक गोष्ट अमुक क्षणी का सांगितली याचा उलगडा होऊ लागतो. हा उलगडा झाला तर तो शेफ तुम्हाला शिकवू शकतो. तिसऱ्या खेपेनंतरही हाती फक्त मापे उरली असतील, तर नाव कितीही मोठे असले तरी ते पहिल्या रकान्यातून खोडा.

मी अशी नावे खोडली आहेत. एका अतिशय प्रसिद्ध शेफच्या कार्बोनारा या अंडे घातलेल्या पास्त्याने माझा तीनदा घात केला. "अंड्याचे मिश्रण घालून ढवळा" एवढेच तिथे लिहिले होते, आणि तिन्ही वेळा माझ्या पास्त्यात अंडाभुर्जी झाली. बलक साधारण 65 ते 70 अंश सेल्सिअसला घट्ट होऊ लागतो, त्यामुळे आच बंद करून, कढई जराशी निवू देऊन, पास्त्याच्या पाण्याने मिश्रण सैल ठेवत ते घालावे लागते. हे त्या गृहस्थांना ठाऊक नसेल असे मुळीच नाही. त्यांचे हात ते आपोआप करत असणार, म्हणून सांगायचे सुचले नसेल. पण जो स्वतःच्या हातांनी काय केले ते शब्दांत सांगू शकत नाही, त्याच्याकडून लांबून शिकता येत नाही.

म्हणून करून पाहण्याआधीच मजकूर वाचताना एका गोष्टीकडे लक्ष द्या: शेफ वेळ सांगतो की खूण? रिसोत्तोची कृती यासाठी उत्तम कसोटी आहे. "18 मिनिटे शिजवा" एवढेच असेल तर सावध व्हा. तांदूळ कोरडा परतताना दाण्याच्या कडा पारदर्शक होतात आणि पातेल्यात खडखडीत आवाज येतो, शेवटी आचेवरून उतरवून थंड लोणी आणि चीज घोळवले की तो पातेले हलवताच लाटेसारखा सरकतो, असे कोणी लिहिले असेल तर त्याचे नाव वर न्या. आपल्याकडे भातात कणी राहिली की वाढणारीला बोल लागतो, तर तिकडे ती बारीकशी कणी राखणे हेच कौशल्य असते. ती कणी दाताखाली कशी लागली पाहिजे हे जो शेफ मला सांगतो, त्याचे पुढचे सगळे मी विश्वासाने वाचते.

एक सवलत देते, आणि ती एकच. जिन्नस मिळत नसेल तर बदला, पण पद्धत बदलू नका. आपल्या बाजारातील गोल, जाड सालीचे टोमॅटो पाणीदार असतात. लांबट टोमॅटो आणून ते दोन-तीन दिवस टोपलीत पूर्ण लाल होऊ द्या. लोणी बिनमिठाचे घ्या, आणि दह्याचे घरगुती लोणी टाळा, कारण त्याचा आंबटपणा टोमॅटोच्या आंबटपणात मिसळला की सॉस कशामुळे आंबट झाला हे सांगता येत नाही. आंबेमोहराचा रिसोत्तो मी करून पाहिला आहे. तो मऊ होतो, पण तांदळाचा वास केशराच्या वर चढतो आणि कणी टिकत नाही. त्यासाठी कार्नारोली किंवा आर्बोरियो हा इटालियन तांदूळ विकत घ्यावा, महाग असला तरी.

पाचवी पायरी: वर्षभर एकाच घरी राहा

निवड झाली की त्याच शेफचे दहा पदार्थ याच रीतीने करा. दरम्यान दुसऱ्या कोणाच्या चित्रफिती पाहायला हरकत नाही, पण रांधू नका.

दुसरा शेफ निवडायची वेळ झाली हे कळण्याची खूण सोपी आहे. पहिल्या शेफची, आपण कधीही न केलेली एखादी कृती घ्या, फक्त जिन्नसांची यादी वाचा, कृतीवर हात ठेवा आणि पुढे काय लिहिले असेल ते वहीत लिहून काढा. मग हात काढून ताडून पाहा. निम्म्याहून अधिक जुळले तर पुढच्या प्रांताकडे निघा, आणि शक्यतो दूरच्या. मी एमिलियातून थेट दक्षिणेच्या पुल्या प्रांताकडे वळले होते. तिथे पहिल्याच आठवड्यात लोण्याच्या जागी ऑलिव्ह तेल, अंड्यांच्या जागी नुसते कोमट पाणी आणि बन्सीचा रवा आला, आणि अंगठ्याने दाबून कानाच्या पाळीसारखी ओरेक्किएत्ते वळताना चौथी पायरी मला पहिल्यापासून पुन्हा करावी लागली.