नव्या टँकला जुना स्पंज लावा

टँक नवा, पाणी काचेसारखं, तरी आठवड्याभरात मासे उलटे तरंगतात. माशांच्या विष्ठेतून तयार होणारा विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू तिथे अजून नसतात. ते आपोआप वाढायला ४ ते ६ आठवडे जातात. म्हणून ते जुन्या फिल्टरच्या स्पंजातून उसने आणायचे.

१. ज्याचा टँक बरेच महिने नीट चाललाय, त्याच्याकडून फिल्टरचा मळकट स्पंज मागा. त्याच टँकच्या पाण्यात बुडवून डब्यातून आणा. सोलापूरच्या मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत मुळीच नको, माझा पहिला स्पंज तिथेच शिजला.

२. आल्या आल्या नव्या फिल्टरमध्ये बसवा. घाण दिसली तरी नळाखाली धुवायचा नाही, क्लोरीनने जिवाणू मरतात.

३. त्याच दिवशी दोन-तीन गप्पी सोडा. खाणं चिमूटभर, तेही एक दिवसाआड.

पाणी बदलताना बॅरलमधलं, दोन दिवस उघडं राहून क्लोरीन उडालेलंच घ्या. आपल्याकडे नळ रोज येत नाही, त्यामुळे साठा असतोच. इथे तो कामाला येतो! फिल्टर रात्रीही चालू ठेवा.

ज्या टँकमधल्या माशांच्या अंगावर पांढरे ठिपके दिसतात, तिथला स्पंज फुकट मिळाला तरी घेऊ नका.