वाघ्याचा वाटा फोडणीआधी: सुट्टीतल्या भरीत-बट्टीची तयारी

नाताळची सुट्टी लागली की आमचं यावलकडचं घर भरून जातं. पुण्याहून धाकटे दीर-जाऊ, सुरतेहून नणंद, सगळ्यांची मिळून पाच पोरं. गाडीतून उतरताच प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न, भरीत कधी? आठ दिवसांत एकदा शेतात भरीत, एकदा वरण-बट्टी, एखाद्या संध्याकाळी शेवभाजी आणि पोरांच्या हट्टाचा केक, असं सगळं ठरलेलं असतं. घरात आणखीही मंडळी आहेत. सोळा किलोंचा गावठी कुत्रा वाघ्या, मनी मांजर, पिंजऱ्यातले दोन बजी (बाजारात त्यांना लव्हबर्ड म्हणूनच विकतात), गोठ्यात गाय आणि दोन शेळ्या. पूर्वी माझी यादी फक्त किराण्याची असायची. तीन वर्षांपूर्वी वाघ्या मरता मरता वाचला, तेव्हापासून त्यांचीही करते.

त्या वर्षी शेतातलं भरीत झकास जमलं होतं. उरलेलं पातेलं घरी आणलं आणि पुढचे दोन दिवस येता-जाता ज्याने त्याने वाघ्याला भाकरीसोबत थोडं थोडं घातलं. प्रेमानेच घातलं. चौथ्या दिवशी तो ओट्यावरून उठेना. लघवी काळ्या चहासारखी. ओठ वर करून पाहिला तर हिरड्या पांढऱ्याफटक. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, कांदा किती खाल्ला? कांदा, कांद्याची पात, लसूण यांतल्या गंधकाच्या द्रव्यांनी कुत्र्या-मांजरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. शिजवून हा गुण जात नाही, वाळवून पूड केली तरी जात नाही. कुत्र्याच्या दर किलो वजनामागे १५ ते ३० ग्रॅम कांदा त्रास द्यायला पुरतो, मांजराला तर किलोमागे ५ ग्रॅमसुद्धा. लसूण कांद्याहून जहाल. शिवाय रोज थोडं थोडं पोटात गेलं तरी बाधतं, आणि आमच्याकडे नेमकं तेच झालं होतं. सलाईन, गोळ्या, दहा दिवसांचं जागरण, मग कुठे तो भाकरीला तोंड लावायला लागला.

म्हणून यादीतली पहिली ओळ ही, की वाघ्याचा वाटा फोडणीआधी काढायचा. तशी ही रीत आमच्या घरात जुनीच. चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्याला भरीत-रोडगा होतो, चातुर्मासात सोडलेली वांगी आणि कांदा त्या दिवशी पुन्हा ताटात येतात, आणि कुत्रा खंडोबाचा म्हणून त्यालाही घास घालतात. सासूबाई ताट वाढतानाच म्हणायच्या, "त्याले आधी दे, मंग आपन." आधी द्यायचं आम्ही कधी चुकवलं नाही, पण द्यायचो ते पात-लसणाचं भरीत. आता नुसत्या भाजलेल्या वांग्याचा चमचाभर गर आणि रोडग्याचा तुकडा देते. देवाचंही राहतं आणि वाघ्याचंही.

आता तयारी. पाहुणे यायच्या पंधरा दिवस आधी लसीची वही बघा. रेबीजचं वर्ष भरत आलं असेल तर तेव्हाच टोचून घ्या, पोरं घरात आल्यावर नको. आपला कुत्रा कितीही गरीब असला तरी नवी पोरं, ओढाताण आणि हातातला घास अशा वेळी दात लागू शकतो. दात किंवा ओरखडा लागलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात जायचं, हळद-चुना काही लावायचा नाही. हे मी पोरांनाही सांगून ठेवते, आणि वाघ्या जेवत असताना त्याच्या ताटलीजवळ कोणी जायचं नाही हेही. नेहमीच्या डॉक्टरांना फोन करून ते सुट्टीत कोणत्या तारखांना गावी नाहीत ते विचारून घ्या आणि जळगाव किंवा भुसावळच्या दुसऱ्या एखाद्या डॉक्टरांचा नंबर फ्रीजवर चिकटवा. त्याच कागदावर १९६२ लिहा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा हा टोल-फ्री नंबर गाय-शेळ्यांसाठी हाताशी हवाच. जनावरांची वजनंही त्याच कागदावर टाका, रात्री-अपरात्री फोनवर डॉक्टर आधी वजनच विचारतात.

याच दिवसांत घरातल्या औषधांचा डबा उचलून कपाटात टाका. थंडीने मांजर आखडलं किंवा शिंकलं की कोणीतरी मायेने तापाची गोळी पाव करून चारतं. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, ५०० मिलिग्रॅमच्या एका गोळीने मांजर दगावू शकतं. अंगदुखीच्या आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटाला आणि किडनीला इजा होते. पाहुण्यांच्या बॅगा आणि पर्स जमिनीवर पडलेल्या असतात, त्यांत या गोळ्या असतात, म्हणून आल्या आल्या बॅगांसाठी खुंट्या आणि माळा दाखवून द्यायचा.

किराणा भरताना एक पिशवी वेगळी धरा. ज्वारी थोडी जास्तीची दळून आणते, कळण्याची नव्हे, साधी. त्यात उडीद, मीठ, मेथी काही नाही. या पिठाच्या दोन-तीन जाड भाकरी रोज वाघ्यासाठी पडतात, ताकात कुस्करून. दुधापेक्षा ताक त्याला बरं पचतं. सोबत उकडलेलं अंडं, कधी लाल भोपळ्याची फोड, कधी बिनहाडाची उकडलेली कोंबडी. हे सगळं एका झाकणाच्या स्टीलच्या डब्यात जातं आणि त्याचं नाव आमच्याकडे फिका डबा पडलंय. मीठ नाही, तिखट नाही, कांदा-लसूण नाही, तेल-तूप नाही. ज्याला वाघ्याला काही द्यावंसं वाटेल त्याने याच डब्यातून द्यायचं. पोरांना हे फार आवडलं, कारण नाही म्हणण्याऐवजी त्यांच्या हाती काहीतरी देता आलं. मनीला यातलं अंडं आणि कोंबडी चालते, भाकरीवर तिचं भागत नाही. मांजराला मांस-मासळीच लागते.

डिंकाचे, मेथीचे लाडू करत असाल तर डबा वरच्या फळीवर. त्यात मनुका असतील तर जास्तच जपा, कारण मनुका आणि द्राक्षांनी कुत्र्यांची किडनी निकामी झाल्याच्या घटना आहेत आणि किती खाल्ल्याने होईल याचा नेम नाही. नाताळच्या केकमध्येही मनुका असतात, वरून चॉकलेट. चॉकलेटमधलं थिओब्रोमिन कुत्र्याला पचवता येत नाही, आणि ते जितकं काळं आणि कडू तितकं वाईट. पुण्याची मंडळी शुगर-फ्री म्हणून जे आणतात त्यावर झायलिटॉल लिहिलंय का तेवढं वाचा. शुगर-फ्री च्युइंग गममध्ये ते पुष्कळदा असतं. कुत्र्याची साखर त्याने झपाट्याने उतरते.

आता भरीत, कारण सगळा जीव त्यातच आहे. वांगी बामणोदची किंवा आसोद्याची मिळाली तर बघायला नको. हिरवी-पांढरट, हाताला जड, बिया कमी. जळगावच्या भरीताच्या वांग्याला २०१६ साली जीआय मानांकन मिळालं, पण वांगं ओळखायला आम्हाला देठाकडची चमकच पुरते. माणशी पाव किलोच्या हिशोबाने घ्या, वर दोन वांगी राखीव. आदल्या दिवशी बडगी आणि मुसळी (भरीत ठेचायचं लाकडी भांडं आणि दांडा) धुऊन उन्हात ठेवा. जाळासाठीच्या तुराट्या आणि पऱ्हाट्या (तुरीच्या आणि कपाशीच्या वाळक्या काड्या) कोरड्या आहेत का ते मोडून बघा, कट्‌ असा आवाज यायला हवा. ओल्या असल्या तर नुसता धूर. मिरची, लसूण, पात, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कोथिंबीर हे सगळं एका झाकणाच्या टोपलीत, आणि ती टोपली गाडीत वाघ्यापासून लांब.

वांग्यांना सुरीने टोचे मारून तेलाचा हात फिरवायचा, नाहीतर ती जाळात फुटतात. साल काळी पडून सुरकुतली, देठाकडून रस चुरचुरायला लागला की काढून पातेल्यात झाकून ठेवायची. वाफेने साल आपोआप सुटते. मग देठ धरून एकेक वांगं सोलायचं. याच क्षणी, बडगीत मिरची-लसूण पडायच्या आधी, मी एका वांग्याचा गर चमचाभर काढून फिक्या डब्यात टाकते आणि डबा बंद करते. हे काम मी कोणावर सोपवत नाही. एकदा मुसळी सुरू झाली की मिरचीच्या ठसक्यात, हसण्या-बोलण्यात पुढचं कोणालाच आठवत नाही. सोललेल्या साली आणि पातीचे बुडखे तिथल्या तिथे जाळात. मागे टाकलेल्या पातीपर्यंत कुत्रा पोचतोच.

शेतात वाघ्याला लांब दोरीने निंबाच्या सावलीत बांधते, धुराच्या उलट्या अंगाला, शेजारी पाण्याची घमेली. त्याआधी बांधावर उंदरांसाठी विषाचे दाणे टाकलेत का ते शेजारच्या शेतकऱ्यांना विचारून घ्यायचं. ते दाणे आणि फवारणीचे रिकामे डबे ही शेतातली खरी भीती. दुसरी भीती बिबट्याची. सातपुड्याच्या पायथ्याला, यावल-रावेर-चोपड्याकडे, केळीच्या बागांत तो दडून बसतो आणि कुत्रं हे त्याचं सोपं भक्ष्य आहे. दिवस मावळायच्या आत चंबूगबाळं आवरायचं आणि रात्री वाघ्याला अंगणात मोकळा किंवा साखळीला ठेवायचा नाही. तो ओसरीच्या आत, दाराला कडी.

वरण-बट्टीच्या दिवसाचं एवढं मोठं नाही. मोहन घालायच्या आधी पिठाचा एक गोळा बाजूला काढून वाघ्याची बट्टी वेगळी उकडते आणि फोडणीआधीच्या साध्या वरणात भिजवते. तुपात बुडवलेल्या बट्ट्या आणि वांग्याची घोटलेली भाजी त्याला अजिबात नाही. एकदम तूप-तेल जास्त झालं की कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येते, उलट्या थांबत नाहीत. मटण-कोंबडी झाली तर हाडं झाकणाच्या डब्यात गोळा करा. शिजलेलं हाड चावलं की त्याच्या टोकदार काचा होतात आणि त्या घशात, आतड्यात रुततात.

गायीचं लोक विसरतात. पंगत उठली की उरलेल्या पुऱ्या, बट्ट्या, भात टोपलंभर नेऊन गोठ्यात ओततात, पुण्य म्हणून. एवढं धान्य एकदम पोटात गेलं की गायीच्या पोटात आम्ल होतं, पोट फुगतं, गाय बसून जाते. शेळीला तर त्याहून कमी पुरतं. दोन-तीन भाकरी ठीक, बाकी रोजचा कडबाच. आणि उष्टं-खरकटं प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून रस्त्यावर टाकू नका, गायी पिशवीसकट गिळतात.

पक्ष्यांचा पिंजरा स्वयंपाकघरात असेल तर सुट्टीपुरता पुढच्या खोलीत हलवा. नॉनस्टिक तवा रिकामाच तापला की त्यातून निघणाऱ्या वाफेने बजी मिनिटांत मरतात, आणि इतक्या पाहुण्यांत तवा गॅसवर विसरला जातोच. रात्री पिंजऱ्यावर सुती चादर, एक बाजू उघडी. कोणी पोरांसाठी रानातला पोपट आणून देऊ केला तर घेऊ नका, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो पाळायला बंदी आहे.

थंडी आमच्याकडे वाजते. धुळ्याकडे तर पारा कधी कधी ६ अंशांच्याही खाली येतो. वाघ्याला पोत्यावर जुनी गोधडी आणि फरशीपासून वर उचललेली फळी एवढं पुरतं. मनी मात्र ऊब शोधत चुलीत जाते. रात्री जाळ विझला की राख पहाटेपर्यंत कोमट असते, त्या राखेत ती अंग गोल करून झोपते, राखेच्याच रंगाची. पहाटे पाणी तापवायला उठणाऱ्या पाहुण्याला ती दिसणार नाही. म्हणून झोपताना चुलीच्या तोंडाला पत्रा, आणि सकाळी काडी ओढायच्या आधी फुंकणीने राख हलवून बघायचं. गाडी सुरू करण्याआधी बोनेटवर दोन थापा मारायच्या, मांजरं इंजिनच्या उबेलाही बसतात. शेगडी पेटवून दारं-खिडक्या लावून कोणीच झोपायचं नाही, त्या वायूने माणूस आणि जनावर दोघांचाही जीव जातो.

३१ तारखेच्या रात्री फटाके आणि डीजे. वाघ्याला संध्याकाळीच फिरवून, जेवू घालून आतल्या खोलीत ठेवते. पट्ट्यावर आमचा फोन नंबर लिहिलाय, घाबरून पळालाच तर कोणीतरी कळवील. पट्ट्यात दोन बोटं सहज जातील एवढी जागा ठेवा.

पाहुणे गेले की घर एकदम सुनं होतं आणि आपण अंग टाकतो, पण यादीतलं एक काम तेव्हाच करायचं असतं. कांद्याचा त्रास लगेच दिसत नाही, तीन-चार दिवसांनी, कधी त्याहून उशिरा दिसतो. कोणी नजर चुकवून काही घातलं असेल तर ते तेव्हाच कळतं. म्हणून आठवडाभर रोज सकाळी वाघ्याचा ओठ वर करून हिरडी बोटाने दाबते आणि सोडते. दोन सेकंदांच्या आत ती पुन्हा गुलाबी व्हायला हवी. मग तो माझा हात चाटतो आणि फिक्या डब्याकडे बघायला लागतो.